ड्रोन : खेळणे की विमान ?

उत्तरायणाच्या दिवसांत बडोद्याच्या गच्च्यांवरून पतंग उडविणाऱ्यांपैकी फार थोड्यांस हे ठाऊक असेल की, आपल्या देशात १९३४ साली जो विमानविषयक कायदा झाला, त्यातील ‘विमान’ या शब्दाच्या व्याख्येत बलून व ग्लायडर यांच्या पंक्तीस पतंगही बसविलेला होता. हवेच्या आधाराने जे वर राहते ते विमान, असा त्या व्याख्येचा रोख. गच्चीवरच्या पतंगबाजाला तिची कधी आठवण झाली नाही, हा भाग निराळा ! त्या कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून ‘भारतीय वायुयान अधिनियम’ या नव्या कायद्याने घेतली. परंतु मूळ विचार ध्यानात ठेवण्यासारखा आहे, कारण चार पंख्यांचे जे छोटे यंत्र हल्ली वाढदिवसाच्या भेटीदाखल घरोघरी येऊ लागले आहे, त्या ड्रोनकडे कायदा याच दृष्टीने पाहतो. दुकानदार त्यास खेळणे म्हणतो. कायदा त्यास वैमानिक आत न बसलेले विमान समजतो. या दोन समजुतींतील अंतर आमच्या विद्यार्थीवाचकांस व त्यांच्या पालकांस कळावे, एवढ्याचसाठी हा लेख.

प्रारंभी सरकारने या यंत्रास सरळ मनाईच केली होती. ऑक्टोबर २०१४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नियम तयार होईपर्यंत कोणीही ड्रोन उडवू नये असे जाहीर केले. पुढे १ डिसेंबर २०१८ पासून पहिली नियमावली अमलात आली व मार्च २०२१ मध्ये दुसरी. ही दुसरी इतकी किचकट होती की तीत २५ प्रकारचे अर्ज व ७२ प्रकारची शुल्के होती. त्याच वर्षी २७ जून रोजी जम्मूच्या वायुदलाच्या तळावर ड्रोनमधून स्फोटके टाकण्यात आली. अशा प्रसंगानंतर निर्बंध अधिकच आवळले जातील, असे कोणासही वाटले असते. पण दोनच महिन्यांत, २५ ऑगस्ट २०२१ रोजी, जे ‘ड्रोन नियम’ प्रसिद्ध झाले, त्यांनी अर्ज ५ वर व शुल्काचे प्रकार ४ वर आणले. भयापोटी सरसकट बंदी न घालता नियम सुटसुटीत केले, हे आम्हांस शहाणपणाचे वाटते.

या नियमांची पहिली कसोटी वजनाची. यंत्राची किंमत किती किंवा ते कोणत्या दुकानातून आणले, याच्याशी कायद्यास कर्तव्य नाही. २५० ग्रॅमपर्यंतचे ते ‘नॅनो’, त्यापुढे २ किलोपर्यंतचे ‘मायक्रो’ आणि २५ किलोपर्यंतचे ‘स्मॉल’. याहून जड वर्गांशी हौशी मंडळींचा संबंध येत नाही. वजनाला एवढे महत्त्व का, हे भौतिकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याने स्वतःच काढून पाहावे. २ किलोचे यंत्र २० मीटर उंचीवर बंद पडले, तर हवेचा विरोध हिशेबात न घेता, भुईवर येताना त्याचा वेग ताशी सुमारे ७१ किलोमीटर होतो. खाली कोणाचे डोके असेल, हे यंत्रास कळत नाही.

उड्डाणापूर्वी यंत्राची नोंदणी करून त्याचा विशिष्ट ओळख क्रमांक घ्यावा लागतो. मोटारीच्या क्रमांकासारखाच हा प्रकार होय. २०२१ च्या नियमांत यासाठी ‘डिजिटल स्काय’ ही सरकारी संगणकीय व्यवस्था नेमून दिली असून शुल्क अवघे १०० रुपये ठेवले आहे. यंत्र लहान म्हणून नोंदणी चुकत नाही; वजनावरून नोंदणीची सूट या नियमांत दिलेली नाही. यंत्र विकले, कोणास भेट दिले, कायमचे हरवले वा मोडले, तरी तसे कळवावे लागते. शालेय विद्यार्थ्यांनी हे सारे वडीलधाऱ्यांच्या नावे व त्यांच्या देखत करावे हे बरे.

चालकाच्या प्रमाणपत्राबाबत मात्र हौशी माणसास सवलत आहे. नॅनो ड्रोन चालविण्यास, तसेच मायक्रो ड्रोन धंद्यासाठी नव्हे तर केवळ हौसेखातर चालविण्यास, ते लागत नाही. इतरांस ते मिळवावयाचे तर वय १८ ते ६५ वर्षे असावे लागते, दहावी उत्तीर्ण व्हावे लागते आणि मान्यताप्राप्त संस्थेत शिक्षण घ्यावे लागते.

खरी अडचण आहे ती जागेची, आणि नेमके येथेच बडोदेकर फसतात. देशाचे आकाश नकाशावर हिरवे, पिवळे व तांबडे अशा तीन रंगांत विभागलेले आहे. हिरव्या भागात १२० मीटर, म्हणजे ४०० फूट उंचीपर्यंत पूर्वपरवानगी लागत नाही. पिवळ्यात विमान वाहतूक नियंत्रकांची, तर तांबड्यात थेट केंद्र सरकारची अनुमती हवी. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात परवानगीवाचून ६० मीटरपर्यंतच जाता येते आणि ८ किलोमीटरच्या आत तर मुळीच नाही. आता आपला हरणीचा विमानतळ शहरास किती लागून आहे पाहा. तेथून ८ किलोमीटर मोजू लागले की मांडवी, न्यायमंदिर, कमाटीबाग, लक्ष्मीविलास राजवाडा, सारे त्या वर्तुळात येते ! कमाटीबागेच्या हिरवळीवर रविवारी सकाळी ड्रोन उडविणे म्हणूनच निरुपद्रवी दिसले तरी नियमबाह्य आहे.

मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेस संशोधनासाठी स्वतःच्या आवारात नोंदणीवाचून ड्रोन उडविण्याची मुभा नियमांत आहे खरी; पण ते आवारही हिरव्या भागात असावे लागते. शहराच्या मध्यवस्तीतील शाळांस त्या सवलतीचा उपयोग नाही. त्यांनी विज्ञान मंडळाची सहल शहरापासून दूर, नकाशा पाहून न्यावी.

एवढी काटेकोर भाषा कशासाठी, असे कोणी विचारील. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे वणवा पेटला असता एका गृहस्थाने आग पाहण्याच्या उत्सुकतेने आपला ड्रोन तिकडे सोडला. तो अडीच किलोमीटरहून अधिक दूर गेला, नजरेआड झाला, आणि आगीवर पाणी टाकणाऱ्या विमानावर जाऊन आदळला. विमानाच्या पंखास भोक पडले व ऐन गरजेच्या वेळी ते दुरुस्तीसाठी जमिनीवर राहिले. सुदैवाने आतील दोघे सुखरूप उतरले. त्या गृहस्थाचा हेतू वाईट नव्हता. हौसेच्या ड्रोनची आपल्या नियमांतील व्याख्याच अशी आहे की तो चालकाच्या नजरेच्या टप्प्यात राहिला पाहिजे. ती किती अनुभवाने घातली आहे, हे या उदाहरणावरून दिसते.

आपल्याकडील अनेक कुटुंबांची मुले परदेशी आहेत. येताना भाच्यासाठी ड्रोन आणावा असे मामाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. पण ९ फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेने तयार परदेशी ड्रोनच्या आयातीस बंदी घातली; संशोधन, संरक्षण व सुरक्षा यांसाठीच तीत अपवाद ठेवले. मामास आधीच पत्राने कळविलेले बरे.

नियमभंगास १ लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. अपघात झाल्यास ४८ तासांच्या आत कळवावे लागते. आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. नकाशाचा रंग कायमचा नसतो. निकडीच्या प्रसंगी राज्य सरकार किंवा पोलीस एखादा भाग एका वेळी ९६ तासांपर्यंत तांबडा ठरवू शकतात. काल जेथे हिरवे होते तेथे आज, एखादी मोठी मिरवणूक वा पाहुण्यांची भेट असल्यास, तांबडे असू शकते. नकाशा पाहावयाचा तो उड्डाणाच्या दिवशी, घरातून निघण्यापूर्वी.