मागणी परगावची, फुले गावची

मंगल कार्य असो वा दुःखद प्रसंग, फुलांवाचून आपल्याकडे कोणताही विधी पुरा होत नाही. एके काळी फुले देणारा आणि घेणारा बहुधा एकाच गावात राहत असे. नोकरी व शिक्षणानिमित्त कुटुंबे विखुरली आणि हे चित्र पालटले. आई-वडील छत्रपती संभाजीनगर, पैठण किंवा वैजापूर येथे, तर मुले पुणे, मुंबई वा परदेशात, अशी असंख्य घरे आज आहेत. वडिलांच्या एकसष्टीला किंवा जुन्या गुरुजींच्या सेवानिवृत्तीला स्वतः पोहोचता आले नाही, तरी निदान फुले पोहोचावीत, ही इच्छा स्वाभाविक आहे. ही इच्छा पुरी करणारा व्यवसाय आता जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावीही रुजत आहे. त्याची रीत नीट समजून घेतल्यास ग्राहकाचे समाधान होईलच, शिवाय स्थानिक विक्रेता व फूल उत्पादक शेतकरी यांच्या हातीही चार पैसे अधिक पडतील.

फूल नव्हे, निरोप प्रवास करतो

या व्यवसायाचे मूळ तत्त्व सोपे आहे. फूल नाशवंत असल्याने ते दूरवर पाठविण्याऐवजी फक्त मागणी पाठवावयाची आणि ताजी फुले त्या त्या गावच्या विक्रेत्याने पोहोचवावयाची. जर्मनीत १९०८ मध्ये बर्लिन येथील पुष्पविक्रेते माक्स ह्युब्नर यांच्या पुढाकाराने अशी संघटना उभी राहिली. १९१० मध्ये अमेरिकेतील काही विक्रेत्यांनी तारेने मागणी कळविण्याची व्यवस्था केली. आपल्या देशात तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली; आता तिचे काम भ्रमणध्वनी करतो व पैसेही त्याच मार्गाने तत्काळ पोहोचतात. साधन बदलले, तत्त्व मात्र तेच राहिले.

आज मागणी दोन मार्गांनी येते. एका मार्गात ग्राहक मोठ्या शहरातील मध्यस्थ कंपनीकडे पैसे भरतो; कंपनी आपला हिस्सा ठेवून उरलेल्या रकमेत गावच्या विक्रेत्याकडून काम करून घेते. दुसऱ्या मार्गात ग्राहक गावच्या विक्रेत्याशी थेट बोलतो. पहिला मार्ग सोयीचा खरा. परंतु त्यात फुलांवर खर्च होणारी रक्कम घटते. दुसऱ्या मार्गात संपूर्ण रक्कम गावात येते आणि कोणते फूल आज ताजे आहे हे विक्रेता स्वतः सांगू शकतो.

चित्र पाहून नव्हे, हंगाम पाहून

तक्रारींचे एक मुख्य कारण म्हणजे चित्र. ग्राहक लांब दांड्याच्या गुलाबांचे किंवा जरबेऱ्याचे चित्र पाहून मागणी नोंदवितो. ही फुले बहुतांशी हरितगृहात पिकतात आणि लहान गावात ती रोज मिळतीलच असे नाही. पुण्याकडून माल मागवावा, तर सुमारे २३५ किलोमीटरचा प्रवास होतो. मग विक्रेता न विचारता दुसरी फुले देतो, किंवा शिळी फुले सजवून देतो. दोन्ही प्रकारांत विश्वास तुटतो.

वास्तविक झेंडू, शेवंती, निशिगंध, मोगरा, गलांडा ही आपल्या मातीतील फुले कमी नाहीत. कर्णपुऱ्याचा नवरात्रोत्सव, वेरूळची महाशिवरात्र, पैठणची नाथषष्ठी, खुलताबादचे भद्रा मारुती मंदिर व तेथील दर्गे यांमुळे जिल्ह्यात फुलांना जुनी मागणी आहे. परंतु सणाला भाव चढतो आणि आवक एकदम वाढली की कोसळतो. वर्षभर थोडी थोडी येणारी परगावची मागणी हा चढउतार पूर्णपणे थांबविणार नाही, पण शेतकऱ्याला सणाव्यतिरिक्तच्या दिवसांचे गिऱ्हाईक मात्र देईल. निशिगंधाच्या दांड्या व शेवंती यांचा गुच्छ कोणत्याही दिवाणखान्यात शोभतो. म्हणून ग्राहकाने रक्कम, प्रसंग व वेळ सांगावी आणि फुलांची निवड हंगामावर सोडावी.

ताजेपणा टिकविण्याचे उपाय

तोडलेले फूलही जिवंत असते. त्याचा श्वसनव्यापार चालूच राहतो आणि उष्णता वाढेल तसा तो वेगाने होतो. म्हणून तोडणी पहाटे किंवा सायंकाळी करावी. गुलाब कळी अवस्थेत, एक-दोन पाकळ्या सुटू लागताच काढावा. निशिगंधाची दांडी खालची एक-दोन फुले उमलल्यावर, तर मोगरा कळी असतानाच तोडावा. दांडीचे टोक धारदार चाकूने तिरपे कापून ती लगेच स्वच्छ पाण्यात ठेवावी. पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत, कारण ती कुजून जंतू वाढतात व दांडीतील पाण्याची वाट बंद होते. पिकणाऱ्या केळी-आंब्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे फुले लवकर कोमेजतात, म्हणून ती फळांजवळ ठेवू नयेत.

शीतगृह परवडत नसलेल्या विक्रेत्याला शून्य ऊर्जा शीतकक्ष उपयोगी पडतो. विटांची दुहेरी भिंत बांधून मधल्या पोकळीत वाळू भरावयाची व ती सकाळ-सायंकाळ भिजवावयाची. बाष्पीभवनामुळे आतील तापमान उन्हाळ्यात बाहेरपेक्षा १० ते १५ अंशांनी कमी राहू शकते. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय विशेष गुणकारी आहे. वीज लागत नाही आणि पाणीही थोडके पुरते.

ग्राहकाचे हक्क

मध्यस्थामार्फत मागणी केल्यास पावती जपून ठेवावी. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार अशा कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमून तक्रारीची पोच ४८ तासांत देणे व एका महिन्यात तिचे निवारण करणे आवश्यक आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये ग्राहकास आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही तक्रार करता येते. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणी मार्गदर्शन करते.

आपण काय करू शकतो?

ग्रामपंचायतीने आपल्या परिसरातील फूल उत्पादक, विक्रेते आणि हार-गजरे करणारे महिला बचत गट यांची यादी त्यांच्या संमतीने संपर्क क्रमांकासह सूचनाफलकावर लावावी. परगावी गेलेल्या गावकऱ्यांपर्यंत ती सहज पोहोचविता येईल. कार्यालये व शाळा यांनी समारंभासाठी प्लॅस्टिकच्या वेष्टनाविना स्थानिक फुलेच घ्यावीत. शिक्षकांनी दांडी पाण्यात टिकविण्याचा प्रयोग वर्गात करून दाखवावा. विज्ञान आणि व्यवहार दोन्ही एकत्र शिकविता येतील. लागवडीबाबत शंका असल्यास पैठण मार्गावरील कृषि विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा.

फुलांच्या व्यवसायात भांडवलाइतकेच मोल शब्दाचे आहे. सांगितल्या वेळी, सांगितलेल्या दारी, ताजे फूल पोहोचले की दूरच्या माणसाचा त्या विक्रेत्यावर विश्वास बसतो आणि पुढील प्रसंगी तो पुन्हा त्यालाच बोलावतो. हा विश्वास जपला, तर परगावी कमावलेल्या पैशाचा एक लहानसा ओघ पुन्हा आपल्या गावाकडे, आपल्या शेताच्या बांधापर्यंत वळेल.