वॉर्डात एनिमा देताना काय पाहायचं



गेल्या पावसाळ्यात रात्री नऊच्या सुमारास वस्तीतल्या एका काकूंचा फोन आला. काका दवाखान्यात भरती होते. "ताई, वॉर्डातले मामा आलेत. एनिमा द्यायचाय म्हणतात, मला बाहेर थांबा म्हणतात. देऊ द्यायचा का?" आम्ही एवढंच सांगितलं, "काकू, आधी सिस्टरना बोलवा. केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिलंय का, ते त्यांना बघायला सांगा." सिस्टरनी पाहिलं. एनिमा शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला लिहिलेला होता. दोघांचं आडनाव एकच. आणि काकांच्या आतड्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम चार दिवस झाले होते.

आतड्याचे ताजे टाके असताना आत दाबाने पाणी गेलं असतं तर टाके सुटून मळ पोटात पसरला असता. अशा पेशंटला पुन्हा टेबलावर घ्यावं लागतं आणि सगळेच वाचत नाहीत. म्हणून या महिन्यात आरोग्याच्या पानावर हा विषय घेतला आहे. एनिमाबद्दल कुणी उघड बोलत नाही. बायका तर लाजेने जीव गेला तरी विचारत नाहीत. पण दवाखान्यात भरती झालेल्या माणसाला कधी ना कधी एनिमा लिहिला जातोच.

एनिमा म्हणजे गुदद्वारातून नळी घालून मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात पाणी किंवा औषध सोडणं. आयुर्वेदात यालाच बस्ती म्हणतात. (आमच्या वस्तीतली पोरं यावर जे विनोद करतात ते इथे छापता येणार नाहीत.) मळाचे खडे होऊन अडकले असतील, आतड्याची दुर्बिणीने तपासणी किंवा ऑपरेशन असेल, तर आतडं मोकळं करायला एनिमा देतात. यकृताचा आजार बळावून पेशंट गुंगीत गेला असेल तर औषध आतड्यात पोचवायलाही देतात. तो एनिमा काही वेळ आत धरून ठेवायचा असतो. त्यामुळे पहिला प्रश्न हाच विचारायचा : एनिमा कशासाठी आहे, आणि तो लगेच बाहेर यायचा आहे की धरून ठेवायचा आहे?

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा : या पेशंटला एनिमा चालतो का? आतड्याचं, गुदद्वाराचं किंवा गर्भाशयाचं नुकतंच ऑपरेशन झालं असेल, शौचातून रक्त जात असेल, पोटात अचानक जोराचं दुखायला लागलं असेल आणि कारण अजून सापडलेलं नसेल, तर डॉक्टरांनी पेशंटला तपासल्याशिवाय नळी लावायची नाही. पोट फुगलंय, उलट्या होताहेत आणि वारासुद्धा सरत नाही, ही आतड्यात अडथळा असल्याची खूण आहे. अपेंडिक्स सुजलेलं असेल तर एनिमाने ते फुटू शकतं. घरी पोट दुखलं की एरंडेल पाजायची आपल्याकडची सवयही याच कारणाने धोक्याची आहे. टायफॉईडचं वेगळं सांगावं लागतं, कारण नळाचं पाणी गटाराशेजारून येणाऱ्या वस्त्यांमध्ये तो दरवर्षी येतो. टायफॉईडमध्ये लहान आतड्याला जखमा होतात, त्याची भिंत पातळ होते. ताप दोन-तीन आठवडे रेंगाळलेला पेशंट "चार दिवस संडासला झालं नाही" म्हणतो आणि नातेवाईक एनिमासाठी मागे लागतात. तिथे सिस्टर नाही म्हणाली तर ती टाळाटाळ करत नाही, हे समजून घ्या.

हृदयविकाराच्या पेशंटला नळीच्या स्पर्शाने आणि आतड्यावरच्या ताणाने नाडी एकदम मंदावून चक्कर येऊ शकते. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर जखमेतून जास्त रक्त जातं. मूळव्याध, किडनीचा त्रास, गरोदरपण हे सगळं आपण होऊन सांगायचं. केसपेपरवर असेलच, असं धरून चालू नका. आम्ही रात्रपाळीला एकटीने तीस-चाळीस पेशंट सांभाळले आहेत. तेव्हा प्रत्येकाचा जुना इतिहास आमच्या डोक्यात नसायचा, हे कबूल करतो. भारतीय परिचर्या परिषदेच्या जुन्या निकषाप्रमाणे शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन पेशंटमागे एक आणि साध्या रुग्णालयात पाच पेशंटमागे एक परिचारिका हवी. तेवढ्या असत्या तर मामांच्या हातात नळी गेलीच नसती.

आत काय सोडतात, हेही विचारा. आम्ही शिकत होतो तेव्हा साबणाच्या पाण्याचा एनिमा सर्रास होता. साबणाने आतड्याचं अस्तर चुरचुरतं, लाल होतं, कधी सोलल्यासारखं होतं. कपड्याचा किंवा भांड्याचा साबण विरघळवून दिला तर इजा मोठी होते. नुसत्या साध्या पाण्याचे एनिमे एकामागून एक दिले तर आतडं ते पाणी शोषून घेतं, रक्तातलं मीठ पातळ होतं, पेशंट गोंधळतो, झटकेही येऊ शकतात. सलाईनच्या प्रमाणातलं मिठाचं पाणी त्यामानाने सुरक्षित. "स्वच्छ पाणी येईपर्यंत" असं लिहिलेलं असलं तरी तीन वेळांच्या पुढे जायचं नाही, पुन्हा डॉक्टरांना विचारायचं, असं आम्हाला शिकवलेलं आहे.

तयार बाटलीतला फॉस्फेटचा एनिमा आता सगळीकडे दिसतो. मेडिकलवर सहज मिळतो, लहानशी बाटली असते, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. तसा तो नाही. तो शरीरातलं पाणी आतड्यात ओढतो आणि त्यातला फॉस्फेट रक्तात उतरतो. किडनी अधू असेल, माणूस वयस्कर असेल, जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालं असेल, लघवी जास्त होण्याच्या किंवा काही बीपीच्या गोळ्या चालू असतील, तर किडनी निकामी होण्यापर्यंत आणि हृदयाचे ठोके बिघडण्यापर्यंत वेळ येते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता : चोवीस तासांत एकच, आणि दोन वर्षांखालच्या बाळाला अजिबात नाही. बाटली दिली आणि अर्ध्या तासात काहीच बाहेर आलं नाही तर दुसरी बाटली लावायची नाही, डॉक्टरांना बोलवायचं. औषध आतच राहिलंय, धोका तिथेच आहे.

आता प्रत्यक्ष देण्याची पद्धत. पेशंटला डाव्या कुशीवर झोपवतात, उजवा गुडघा पोटाकडे दुमडून. मोठ्या आतड्याचं शेवटचं वळण डाव्या बाजूला असतं, त्यामुळे पाणी उताराने सहज जातं. संडासात उकिडवं बसवून किंवा उभ्याने नळी घालू नये, टोक आतड्याच्या भिंतीत घुसतं. अंगाखाली रबरी शीट, बेडपॅन हाताशी, भोवती पडदा, अंगावर चादर, फक्त लागेल तेवढाच भाग उघडा. पाणी कोमट, म्हणजे ३७ ते ४० अंशांच्या आसपास. थर्मामीटर नसेल तर बाळाचं दूध बघतो तसं मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघतात. गरम पाण्याने आतडं आतून भाजतं आणि ते वरून दिसत नाही. गार पाण्याने कळा येतात.

हात धुऊन, मोजे घालून, नळीतली हवा आधी काढून टाकायची. टोकाला जेली लावायची. पेशंटला तोंडाने हळू श्वास सोडायला सांगायचं, त्या वेळी गुदद्वार सैल होतं. नळी बेंबीच्या दिशेने, मोठ्या माणसाला ७ ते १० सेंटिमीटर, म्हणजे साधारण बोटाच्या लांबीएवढी. मुलांना त्याहून कमी, आणि किती ते डॉक्टरांनी सांगायचं. नळी अडली तर जोर लावायचा नाही. थोडं पाणी सोडून बघायचं, तरीही जात नसेल तर काढून घ्यायची. आतडं फाटण्याचे प्रकार इथेच होतात.

कॅन किती उंच धरलाय, याकडे नातेवाइकांनी नजर ठेवायला हरकत नाही. गुदद्वारापासून एक ते दीड फूट, त्याच्या वर नाही. आम्ही कॅन सलाईनच्या स्टँडच्या पार टोकाला टांगलेला पाहिला आहे, लवकर आटपावं म्हणून. जितका कॅन उंच, तितका पाण्याचा दाब जास्त. पोटात कळ आली तर नळीचा चिमटा बंद करून थांबायचं, कळ गेली की पुन्हा सावकाश. "थोडं सहन करा" म्हणत पाणी सोडत राहणं चुकीचं. जोराचं दुखलं, रक्त दिसलं, घाम फुटला, डोळ्यापुढे अंधारी आली, की तिथेच बंद. आणि पेशंट "बास" म्हणाला तरी बंद. त्याचं शरीर आहे.

हे सगळं वाचून लक्षात येईल की हे मामांचं किंवा मावशींचं काम नाही. त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. दोष त्यांचा नाही, त्यातले कितीतरी आपल्याच वस्त्यांमधले, ठेकेदाराकडे राबणारे आहेत. मळाचं काम म्हटलं की ते खालच्या माणसाकडे ढकलायचं, ही सवय दवाखान्याच्या भिंतीबाहेरून आत आलेली आहे. आमच्या बरोबरच्या काही सिस्टर नळीला हात लावायच्या नाहीत, पण इंजेक्शन स्वतः द्यायच्या. दोन्हींना शिक्षण लागतं, दोन्हींत जीव जाऊ शकतो.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. तो इतर भिक्खूंच्या काही कामाचा नाही, म्हणून कुणी त्याच्याकडे फिरकत नव्हतं. तथागतांनी आनंदांना पाणी आणायला सांगितलं. पाणी स्वतः ओतलं, आनंदांनी अंग धुतलं, मग एकाने डोक्याकडून, दुसऱ्याने पायांकडून धरून त्याला खाटेवर ठेवलं. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनीही हा प्रसंग घेतला आहे. वस्तीत नर्सिंग शिकणाऱ्या पोरी "आम्हाला असली कामं करावी लागतात" म्हणून रडतात तेव्हा आम्ही त्यांना हाच प्रसंग वाचायला देतो, आणि मग मोजे कसे घालायचे ते दाखवतो.

नातेवाइकांनी काय करायचं? बेडपॅन द्या, हात धरा, चादर सावरा. नळी तुम्ही घालायची नाही, कुणी हातात दिली तरी नाही. बाईमाणूस असेल तर बाई हजर हवी, पडदा हवा, हे मागायला लाजू नका. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत खासगीपणा आणि सन्मान हे हक्क लिहिलेले आहेत. पुरुष डॉक्टर बाईला तपासताना दुसरी बाई हजर असावी, हेही त्यात आहे. चहापाण्याचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका, सिस्टर इनचार्जला सांगा.

बाळंतपणाबद्दल वस्तीतल्या सुनांना मुद्दाम सांगतो. कळा सुरू झाल्या की सरसकट एनिमा द्यायची जुनी रीत होती. त्याची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींमध्ये कळा देण्याची औषधं कमी लागावीत म्हणून एनिमा देऊ नये, असं म्हटलेलं आहे. सरसकट केस काढणंही त्यात नको म्हटलंय. जोर लावताना थोडं शौचाला होतं, ते पुसणं आमचं काम आहे. त्यावरून कुणी ओरडत असेल तर चूक ओरडणाऱ्याची.

एनिमा दिल्यावर पाच-दहा मिनिटं, किंवा सांगतील तेवढा वेळ, धरून ठेवायचा. नंतर संडासला एकट्याने जायचं नाही. घाईत उठून, ओल्या फरशीवर घसरून खुबा मोडलेली म्हातारी माणसं आम्ही पाहिली आहेत. उठवत नसेल तर बेडपॅनच घ्या. जे बाहेर आलं ते सिस्टरने बघेपर्यंत टाकू नका : किती, कसं, रक्त आहे का, हे केसपेपरवर लिहायचं असतं. बायकांना पुढून मागे पुसायचं, नाहीतर लघवीच्या जागेला जंतू लागतात.

त्यानंतरच्या रात्री पोट दुखणं वाढत गेलं, पोट फळीसारखं कडक झालं, ताप चढला, रक्त गेलं, लघवी कमी झाली, हातापायाला गोळे आले किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर सकाळच्या राउंडची वाट बघू नका. ड्युटीवरच्या डॉक्टरांना उठवा आणि एनिमा किती वाजता दिला, कसला दिला, ते आधी सांगा. बाटलीचा असेल तर रिकामी बाटली जपून ठेवा आणि त्यांच्या हातात द्या.