कैलासाच्या पुढे दोन किलोमीटर

भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावर हाल साफ्लिएनी नावाचे एक भूमिगत स्थान आहे. पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वी माणसाने खडक पोखरून घडवलेली ही दालने १९०२ साली उजेडात आली आणि १९८० साली जागतिक वारसा ठरली. तेथे दिवसाकाठी मोजक्याच प्रवाशांना प्रवेश मिळतो व त्यासाठी महिनोन्महिने आधी नाव नोंदवावे लागते. परदेशवारीत असे स्थळ पाहून आलेली आपली मुले त्याचे भरभरून वर्णन करतात. त्यात गैर काहीच नाही. परंतु उस्मानपुऱ्यापासून अवघ्या तीस किलोमीटरांवर, आपल्याच तीर्थंकरांच्या मूर्ती ज्या डोंगरात कोरल्या आहेत, तो डोंगर त्यांनी पाहिला आहे काय?

वेरूळला आपण सारेच जाऊन आलो आहोत. मात्र बहुतेकांचे वेरूळ कैलास लेण्यापाशी संपते. येथील चौतीस लेण्यांपैकी क्रमांक ३० ते ३४ ही जैन लेणी उत्तरेच्या टोकाला, कैलासापासून सुमारे दोन किलोमीटरांवर आहेत. परतीची घाई असते, मुले दमलेली असतात, आणि नेमके आपले तेवढे पाहायचे राहून जाते.

इसवी सनाच्या नवव्या-दहाव्या शतकांत, राष्ट्रकूट काळात, ही लेणी कोरली गेली. त्यांतील इंद्रसभा, म्हणजे लेणे क्रमांक ३२, सर्वांत देखणे. प्रांगणात मध्यभागी चौमुख मंदिर, एका बाजूस अखंड शिळेतला हत्ती, दुसऱ्या बाजूस मानस्तंभ. आत शिरताच समोरासमोर दोन तपस्वी दिसतात. एकीकडे कमठाचा उपसर्ग शांतपणे सोसणारे भगवान पार्श्वनाथ, मस्तकावर धरणेंद्राच्या फण्यांचे छत्र. दुसरीकडे अंगावर वेली चढल्या तरी अविचल उभे असलेले बाहुबली. वरच्या मजल्यावर आंब्याच्या झाडाखाली सिंहारूढ अंबिका आहे. हत्तीवर बसलेल्या यक्षाला लोकांनी इंद्र मानले आणि त्यावरून लेण्याचे नाव पडले. छतावर जुन्या रंगचित्रांचे अवशेष आजही दिसतात. ‘छोटा कैलास’ हे तिसावे लेणे अपूर्ण राहिले आहे. डोंगर वरून खाली कसा कोरत नेला, हे मुलांना समजावण्यास त्याहून चांगला धडा नाही.

पण व्यापारी कुटुंबाने आवर्जून जावे ते त्याही वर, डोंगरावरील पार्श्वनाथांच्या मंदिरात. सुमारे सोळा फूट उंचीच्या या भव्य मूर्तीच्या आसनावर शके ११५६, म्हणजे इ.स. १२३४-३५ चा शिलालेख आहे. देवगिरीवर तेव्हा यादवांचे राज्य होते. श्रीवर्धनपूरच्या चक्रेश्वर नावाच्या दानशूर श्रावकाने ही मूर्ती करविली. भरत चक्रवर्तीने कैलास पर्वताला जसे तीर्थ केले, तसे चक्रेश्वराने जिनमूर्ती देऊन या चारणाद्रीला केले, असा त्या लेखाचा आशय आहे. पुढे शेकडो वर्षांनी मूर्तीवर छत्र म्हणून वास्तू उभारली गेली. ती औरंगाबादच्या एका वाण्याने बांधली, एवढीच ओळख जुन्या पुरातत्त्व नोंदीत आढळते.

एकाचे नाव दगडात राहिले, दुसऱ्याचे राहिले नाही. दोघांचे दान मात्र आजही उभे आहे. परिग्रहाला मर्यादा घालून उरलेले सत्कार्यी लावावे, ही शिकवण आपण प्रवचनात ऐकतो. येथे ती डोळ्यांनी पाहता येते.

सहलीची आखणी अवघड नाही. मंगळवारी लेणी बंद असतात, तो दिवस टाळावा. सकाळी लवकर निघून आधी जैन लेणी, मग डोंगरावरील दर्शन आणि शेवटी कैलास, असा क्रम ठेवावा. म्हणजे उन्हाच्या आत चढण होते आणि सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाला घरीही पोहोचता येते. रंगचित्रांना व मूर्तींना हात लावू नये, हे मुलांना आधीच सांगावे. आणखी एक दिवस हाताशी असल्यास कचनेरचे चिंतामणी पार्श्वनाथ व पैठणचे मुनिसुव्रतनाथ ही दोन्ही क्षेत्रे जोडून घ्यावीत.

आज नवे लेणे कोरणे कोणाच्याही हाती नाही. जे कोरले गेले, ते पुढच्या पिढीला दाखवणे मात्र आपल्याच हाती आहे. त्यासाठी कैलासापाशी गाडी वळवू नये, दोन किलोमीटर पुढे न्यावी.