कंपाइल अडलंय? पहिली एरर वाचा

काल्हेर-भिवंडीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांनो, आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ‘ईसिम’ हे सर्किट-सॉफ्टवेअर ज्यावर चालतं ते एनजीस्पाइस सोर्सवरून बांधताना एररचा पूर आला, तर शेवटची ओळ सोडा. तिथे मेक फक्त ‘एरर’ एवढंच म्हणतं. कारण सापडतं वर, पहिल्या एररमध्ये: अमुक हेडर फाइल मिळाली नाही. ‘लायब्ररी तर आहेच की!’ असं कुणी म्हणेल. आहे, पण प्रोग्रॅम चालवण्यापुरती. उबुंटूत हेडर वेगळ्या ‘डेव्ह’ पॅकेजमध्ये येतात. आणि दोष दर वेळी आपल्या मशीनचाच असतो असंही नाही. २०२० मध्ये जीसीसी कंपायलरच्या १० व्या आवृत्तीने एक डीफॉल्ट बदलला आणि वर्षानुवर्षं बिनतक्रार बांधला जाणारा कितीतरी जुना सी कोड ‘मल्टिपल डेफिनिशन’ म्हणत लिंकिंगला अडला. ‘एफ-कॉमन’ पर्यायाने तात्पुरतं भागतं; खरा उपाय म्हणजे हेडरमधल्या व्हेरिएबलला ‘एक्स्टर्न’ लावून त्याची व्याख्या एकाच सी फाइलमध्ये ठेवणं.