कार्यस्थळातील हवेचे रासायनिक परीक्षण

कारखाना, कोठार, खाण, प्रयोगशाळा यांसारख्या कामाच्या ठिकाणी कामगार श्वासावाटे जी हवा आत घेतात, तीत कोणते अपायकारक रासायनिक पदार्थ आहेत व त्यांचे प्रमाण किती आहे, हे ठरविण्याच्या शास्त्रीय पद्धतीस ही संज्ञा दिली जाते. औद्योगिक आरोग्यविज्ञानाची ही एक प्रमुख शाखा आहे. हवेतील प्रदूषके वायू, बाष्प, धूळ, धुके किंवा धूम या स्वरूपांत आढळतात. त्यांपैकी कार्बन मोनॉक्साइडाला वास नसतो. हायड्रोजन सल्फाइडाचा वास अल्प प्रमाणात तीव्र असला, तरी प्रमाण दर दशलक्ष भागांस १०० भागांच्या सुमारास पोहोचले म्हणजे घ्राणेंद्रियच बधिर होते. त्यामुळे नाकावर विसंबून हवेची परीक्षा करता येत नाही.

इतिहास : इटालियन वैद्य बेर्नार्दीनो रामात्सीनी यांनी १७०० साली कामगारांच्या रोगांवरील ग्रंथ प्रसिद्ध करून व्यवसाय व रोग यांच्या संबंधाकडे लक्ष वेधले. पुढे ब्रिटिश शरीरक्रियावैज्ञानिक जे. एस. हॉल्डेन यांच्या सूचनेवरून कोळशाच्या खाणींत विषारी वायूची सूचना मिळविण्यासाठी कॅनरी पक्षी नेण्यात येऊ लागले. हवा मोजून घेऊन तिचे रासायनिक विश्लेषण करण्याच्या पद्धती विसाव्या शतकात विकसित झाल्या. कामगाराच्या अंगावर बाळगता येणारा विद्युत् घटमालेवरील छोटा पंप १९६० च्या सुमारास प्रचारात आला. त्यामुळे खोलीतील हवेऐवजी प्रत्यक्ष श्वासातील हवा तपासणे शक्य झाले.

नमुना घेण्याच्या पद्धती : नमुना कामगाराच्या श्वसनक्षेत्रातून, म्हणजे नाकातोंडाभोवतीच्या सु. ३० सेंमी. परिसरातून घेतात. त्यासाठी नमुनाग्राहक गळपट्टीला व पंप कमरेला लावतात. बेंझीन, टोल्यूइन यांसारखी कार्बनी बाष्पे नारळाच्या करवंटीपासून केलेल्या क्रियाशील कोळशाच्या नळीत शोषून घेतात, नंतर ती कार्बन डायसल्फाइडाने मोकळी करून वायुवर्णलेखनाने मोजतात. शिशासारख्या धातूंची धूळ व धूम गाळणपत्रावर पकडून आणवीय शोषण वर्णपटमापनाने तपासतात. पाण्यात विरघळणारे वायू शोषक द्रवातून बुडबुड्यांच्या रूपाने जाऊ देतात. तात्काळ अंदाजासाठी रंग पालटणाऱ्या रसायनाने भरलेल्या काचनळ्या किंवा विद्युत् रासायनिक संवेदक वापरतात. तथापि अशा साधनांवर इतर वायूंचाही परिणाम होऊ शकतो.

निष्कर्षाची विश्वसनीयता पंपाच्या प्रवाहवेगावर अवलंबून असते. म्हणून नमुन्यापूर्वी व नंतर पंपाचे अंशशोधन करतात. प्रत्येक संचाबरोबर हवा न ओढलेली एक कोरी नळी प्रयोगशाळेकडे पाठवितात. उन्हाळ्यात जेथे तापमान ४०° से. च्या वर जाते, तेथे बाष्पांचे नमुने बंद करून थंड पेटीतून नेणे आवश्यक ठरते.

मराठवाड्यातील स्थिती : हे परीक्षण केवळ महानगरांतील रसायन कारखान्यांपुरते मर्यादित नाही. गोदावरी खोऱ्यातील पाथरी (जि. परभणी) व त्याच्या आसपासच्या तालुक्यांत कापूस व ऊस ही महत्त्वाची पिके आहेत. त्यांवर आधारलेल्या उद्योगांत हवेचे प्रश्न वेगवेगळे असतात. सरकी काढण्याच्या कारखान्यांत मुख्य धोका कापसाच्या धुळीचा असतो. अशा धुळीमुळे होणाऱ्या बिसिनोसिस या फुप्फुसविकारात साप्ताहिक सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते. पांढरी साखर करताना उसाचा रस निर्मळ करण्यासाठी चुन्याबरोबर गंधक जाळून मिळविलेला सल्फर डाय-ऑक्साइड वापरतात. भट्टी वा नळांच्या सांध्यांतून तो गळल्यास डोळे व श्वसनमार्ग यांचा दाह होतो. धान्याच्या कोठारांत कीडनाशक म्हणून वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडापासून फॉस्फीन हा अत्यंत विषारी वायू निघतो. मळीच्या टाक्या व सांडपाण्याचे खड्डे यांत प्राणवायू कमी पडून हायड्रोजन सल्फाइड साचू शकतो. म्हणून अशा जागी उतरण्यापूर्वी वर, मध्ये व तळाशी अशा तिन्ही ठिकाणी हवा तपासावी लागते.

मर्यादा व गणन : भोपाळ येथे २–३ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथिल आयसोसायनेट वायूच्या गळतीमुळे हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर १९८७ साली कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये दुरुस्ती करून कामाच्या हवेतील रसायनांच्या अनुज्ञेय मर्यादांची अनुसूची त्यास जोडण्यात आली. तीत आठ तासांच्या सरासरीची मर्यादा दर दशलक्ष भागांस सल्फर डाय-ऑक्साइडासाठी २, हायड्रोजन सल्फाइडासाठी १०, अमोनियासाठी २५, तर मिथिल आयसोसायनेटासाठी केवळ ०·०२ भाग अशी होती. पुढे हा अधिनियम व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता, २०२० हिच्यात विलीन करण्यात आला आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली.

सरासरी काढताना प्रत्येक प्रमाणास त्या कालावधीने गुणून बेरजेस आठाने भागतात. समजा, गंधकाच्या भट्टीवरील एखादा कामगार २ तास ४ भाग, ३ तास २ भाग व उरलेले ३ तास १ भाग अशा हवेत राहिला, तर त्याची सरासरी (८ + ६ + ३) ÷ ८ = २·१ भाग, म्हणजे वरील मर्यादेपेक्षा अधिक येते. त्याच वेळी दालनाच्या मध्यभागी ठेवलेले उपकरण १ भागच दाखवीत असेल, तर केवळ त्यावरून दालन सुरक्षित ठरविले जाईल. व्यक्तिगत नमुन्याचे महत्त्व या उदाहरणावरून स्पष्ट होते. हंगामात पाळी बारा तासांची झाली, तर आत घेतले जाणारे विष वाढते आणि ते शरीराबाहेर पडण्यास मिळणारा अवधी सोळा तासांवरून बारा तासांवर येतो. एका प्रचलित सूत्रानुसार अशा वेळी मर्यादा (८ ÷ १२) × (१२ ÷ १६), म्हणजे निम्मी धरावी लागते.

संस्था व उपयोग : भारतात शीव (मुंबई) येथील केंद्रीय श्रम संस्था व अहमदाबाद येथील राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था या क्षेत्रात संशोधन व प्रशिक्षण यांचे कार्य करतात. परीक्षणाचा हेतू केवळ नोंदवही भरणे हा नसतो. प्रमाण अधिक आढळल्यास प्रथम कमी विषारी पदार्थाचा वापर, नंतर प्रक्रियेचे बंदिस्तीकरण, उगमापाशीच हवा ओढून घेणारी वायुवीजन व्यवस्था आणि अखेरीस मुखवटा, असा उपायांचा क्रम मानला जातो. उपाय योजल्यावर पुन्हा नमुने घेऊन त्यांची परिणामकारकता पडताळतात. ज्याच्या गळपट्टीवर नमुनाग्राहक लावला होता त्याला निष्कर्ष त्याच्या भाषेत समजावून सांगणे, हाही परीक्षणाचाच भाग होय. कारण दीर्घकालीन विषबाधा बहुधा लक्षणांआधी आकड्यांतच प्रकट होते आणि तेवढ्या अवधीतच ती टाळता येते.