गिटार, ड्रम आणि आपले कान

आमच्या अभ्यासमंडळात अमेरिकेतील काळ्यांच्या साहित्याची चर्चा नेहमी होते. डॉ. म. ना. वानखडे यांनी अमेरिकेत शिक्षण घेतले आणि तेथील निग्रो साहित्याचा आदर्श दलित लेखकांपुढे ठेवला. डॉ. जनार्दन वाघमारे यांनी त्या साहित्यावर मराठीत लिहिले. १९६६ साली ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पक्ष निघाला, आणि त्याचे नाव डोळ्यांपुढे ठेवून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. हा इतिहास आपल्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ आहे. परंतु ज्या समाजाचे आपण साहित्य वाचतो, त्याचे संगीत आपण ऐकत नाही. ऐकलेच तर ते आपल्याला झेपत नाही. हे का होते, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे.

गेल्या पावसाळ्यात मी मंडळात दोन ध्वनिमुद्रणे ऐकवली. दोन्ही गिटार आणि ड्रम या दोनच वाद्यांची होती. त्यात गायक नव्हता, लिहिलेली चाल जवळपास नव्हती. दोन माणसे समोरासमोर बसून त्या क्षणी सुचेल ते वाजवतात, आणि एकाने जे वाजवले त्यातूनच दुसऱ्याला पुढचे सुचते, असा हा प्रकार आहे. जॅझमध्ये अशा तात्काळ रचनेला मोठे स्थान आहे.

पहिले ध्वनिमुद्रण १९९९ सालचे, नेल्स क्लाइन आणि ग्रेग बेंडियन यांचे. त्याचे मूळ मात्र जुने आहे. जॉन कोल्ट्रेन या काळ्या सॅक्सोफोनवादकाने फेब्रुवारी १९६७ मध्ये, मृत्यूपूर्वी अवघे पाच महिने, ड्रमवादक रशीद अली याला सोबत घेऊन ‘इंटरस्टेलर स्पेस’ हे द्वंद्ववादन ध्वनिमुद्रित केले. ते १९७४ साली प्रसिद्ध झाले. क्लाइन-बेंडियन यांनी तेच गिटार व ड्रमवर नव्याने मांडले. दुसरे ध्वनिमुद्रण इंग्लंडचा गिटारवादक डेरेक बेली आणि हॉलंडचा ड्रमवादक हान बेनिंक यांचे, १९७२ सालचे.

श्रोते वीस-बावीस होते. विद्यार्थी, दोन शिक्षक, काही कार्यकर्त्या बाया, एक तरुण कवी, आणि दाराशी खुर्ची टाकून बसलेले आमच्या वस्तीतले तात्या. त्यांच्या प्रतिक्रिया मी त्याच रात्री टिपून ठेवल्या.

बेलीची गिटार सुरू होताच एक विद्यार्थी हसला आणि म्हणाला, “सर, हे अजून तारा जुळवतायत की वाजवायला लागले?” शास्त्रीय संगीत शिकलेल्या शिक्षकांनी विचारले, “सम कुठे आहे? समच नसेल तर ताल कसला?” एक कार्यकर्ती म्हणाली, “दोघं भांडतायत.” थोड्या वेळाने तिनेच दुरुस्ती केली : “भांडण नाही. दोघं एकदमच बोलतायत, पण एकमेकांचं ऐकतायत.” कवी उठून उभा राहिला. “सर, हाच विद्रोह!” तात्या मात्र काही बोलले नाहीत. दुसऱ्या ध्वनिमुद्रणाच्या मध्यावर ते उठले आणि निघून गेले.

या पाचही प्रतिक्रिया खऱ्या आहेत. श्रोत्याची प्रतिक्रिया ही केवळ ‘आवडले-नावडले’ एवढी नसते. त्याचा कान कोणी घडवला, कोणत्या घरात घडवला, याची ती साक्ष असते. म्हणून एकेक प्रतिक्रिया तपासून पाहू.

हसणाऱ्या मुलाचे निरीक्षण अचूक होते. बेली सलग चाल वाजवतच नाही. एक तीक्ष्ण स्वर, मग तारेला जेमतेम स्पर्श करून काढलेला काचेसारखा नाद, मग खरखर, मग शांतता. वाद्य जुळवताना जे आवाज निघतात आणि मैफलीपूर्वीच टाकून दिले जातात, त्यांनाच त्याने मैफलीत बसवले. बेली १९३० साली शेफील्ड या पोलादाच्या गावी जन्मला. कितीतरी वर्षे तो नृत्यगृहांतून आणि वाद्यवृंदांतून पोटासाठी गिटार वाजवत होता. मालक सांगेल ते आणि गिऱ्हाईक मागेल ते वाजवायचे, असा तो धंदा. १९६३ च्या सुमारास शेफील्डमध्येच ड्रमवादक टोनी ऑक्सली आणि गॅव्हिन ब्रायर्स यांच्याबरोबर त्याने वेगळी वाट धरली, आणि पुढे फर्माइशीचे वादन सोडून दिले. ज्या बोटांना वीस तऱ्हांच्या चाली पाठ होत्या, त्यांनी त्या चाली नाकारल्या. येत नाही म्हणून मोडणे वेगळे आणि येत असून नाकारणे वेगळे. दलित कवीने अलंकारिक भाषा नाकारली तेव्हा ‘याला भाषाच येत नाही’ असे म्हणणारे समीक्षक आपण पाहिले आहेत.

समेचा प्रश्नही योग्यच आहे. आपल्याकडील मैफलीत गायक किंवा सतारिया पुढे बसतो आणि तबलजी साथ करतो. साथ या शब्दातच त्याची पायरी ठरलेली आहे. तबल्याच्या थोर वादकांनी ही पायरी चढून दाखवली, तरी सामान्य व्यवहारात ती आहेच. आता वाद्यांची ही उतरंड आणि माणसांची उतरंड यांचा संबंध नाही असे कोण म्हणेल? तालवाद्याला कातडे लागते आणि कातडे कमावणारे हात कोणाचे, हे आपल्याला सांगायला नको. टी. एम. कृष्णा यांनी २०२० साली ‘सेबॅस्टियन अँड सन्स’ या पुस्तकात मृदंग बनवणाऱ्या कारागिरांचा, त्यांतील दलित ख्रिस्ती घराण्यांचा इतिहास मांडला. मृदंग पवित्र, पण त्याचे कातडे ताणणारा मात्र दाराबाहेर, हे वास्तव त्यात आले आहे.

मी ऐकवलेल्या वादनात कोणी कोणाची साथ करत नाही. सम नाही, कारण ‘येथे भेटायचे’ असे आधी ठरलेलेच नाही. भेट होते, पण ती प्रत्येक वेळी नव्याने शोधावी लागते. ड्रमवादक ठेका धरून गिटारला खांद्यावर वाहून नेत नाही. तो स्वतःचे बोलणे बोलतो. बेनिंक तर ड्रम सोडून जमिनीवर, खुर्चीवर, हाताला लागेल त्या वस्तूवर वाजवण्याबद्दल प्रसिद्ध आहे. कधी त्याच्या दणक्यात बेलीची गिटार पार बुडून जाते. मग बेली आवाज चढवत नाही. तो थांबतो आणि फट सापडली की एकच स्वर तीत सोडतो. ‘भांडतायत’ म्हणणाऱ्या कार्यकर्तीने नेमके हेच ऐकले. सभेत बोलायची संधी ज्यांना हिसकावून घ्यावी लागते, त्यांना ही फट लगेच ऐकू येते असे मला वाटते.

आता कवीचा ‘विद्रोह’. येथे जरा थांबले पाहिजे. बेली आणि बेनिंक हे गोरे युरोपीय आहेत. त्यांच्या वाट्याला वर्णद्वेष आला नाही. त्यांचे वादन ऐकणारा वर्गही लहान आणि बहुतांशी सुशिक्षित. चाली मोडल्या म्हणजे समाजव्यवस्था मोडली असे होत नाही. परंतु त्यांनी ज्या वाटेवर पाऊल टाकले ती वाट काळ्या वादकांनी खणली होती, आणि त्यासाठी मार खाल्ला होता. ऑर्नेट कोलमनला तरुणपणी लुइझियानात नृत्यगृहाबाहेर मारहाण झाली आणि त्याचा सॅक्सोफोन फेकून देण्यात आला. १९५९ साली तो न्यूयॉर्कच्या ‘फाइव्ह स्पॉट’मध्ये वाजवू लागला, तेव्हा श्रोत्यांत सरळ दोन तट पडले. काहींनी त्याला युगप्रवर्तक ठरवले, तर काहींनी भोंदू. विरोधकांत काळे वादकही होते, हे विसरू नये. १९६१ साली ‘डाउनबीट’ मासिकाने कोल्ट्रेन आणि एरिक डॉल्फी यांच्या वादनाला जॅझविरोधी ठरवणारा लेख छापला. पुढल्या वर्षी त्याच मासिकात त्या दोघांना आपली बाजू मांडावी लागली. १९६३ साली कवी लेरॉय जोन्स, म्हणजे पुढे अमिरी बराका, याने प्रश्न विचारला की जॅझचे वादक बहुतेक काळे आणि समीक्षक बहुतेक गोरे असे का? जे जीवन समीक्षकाने पाहिले नाही, त्यातून आलेल्या नादाचे मोजमाप तो कोणत्या मापाने करणार? दलित साहित्याला आक्रस्ताळे, प्रचारकी म्हणणाऱ्यांना आपण हाच प्रश्न विचारत आलो आहोत. म्हणून कवीला मी एवढेच म्हणालो, “तुझा शब्द चुकीचा नाही, पण घाईचा आहे. आधी काय ऐकलेस ते सांग.”

राहिले तात्या. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. चहा झाल्यावर ते म्हणाले, “मास्तर, माझ्या बापानं उभा जन्म हलगी बडवली. दुसऱ्याच्या लग्नात, दुसऱ्याच्या मयतीत, दुसऱ्याच्या देवापुढं. पाटलाच्या पोरानं हात वर केला की वाजवायचं, खाली केला की बंद. मी ती चुलीत घातली. आन तुम्ही तेच बडवणं इंग्रजी नावानं आमच्यापुढं लावता!”

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी काळ्यांच्या ढोलाचा इतिहास वाचला होता, पण शेजाऱ्याच्या हलगीचा विचार केला नव्हता. घरी आल्यावर मी दोन्ही इतिहास शेजारी ठेवून पाहिले आणि त्यातला मोठा फरक ध्यानात आला.

अमेरिकेत गुलामांचा ढोल काढून घेतला गेला. १७३९ साली साउथ कॅरोलायनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी उठाव केला, तेव्हा ते ढोल वाजवत चालले होते. १७४० च्या कायद्याने गुलामांना ढोल आणि शिंगे वापरण्यास बंदी घातली, कारण ढोलाने निरोप जातो आणि माणसे गोळा होतात हे मालकांना कळले होते. न्यू ऑर्लिन्सच्या काँगो स्क्वेअरवर रविवारी गुलामांना नाचण्या-वाजवण्याची मुभा होती, ती अपवादात्मकच. म्हणून काळ्या माणसाने ड्रम वाजवणे म्हणजे हिरावलेली गोष्ट परत घेणे होते.

आपल्याकडे नेमके उलटे घडले. येथे वाद्य हिरावले नाही, ते लादले. मांगाने हलगी वाजवलीच पाहिजे, हा गावगाड्याचा हुकूम होता. वाजवणे हे त्याचे कसब न मानता त्याच्या जातीचे काम मानले गेले. मार्च १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेबांनी मेलेल्या जनावरांचे मांस आणि हीन मानलेली कामे टाकण्याचा उपदेश केला. त्या विचाराच्या वाटेने कितीएक घरांतून ही वाद्ये गेली. तेव्हा तात्यांच्या हाताने हलगी चुलीत गेली, हीही मुक्तीच होती. एका समाजाची मुक्ती ढोल हाती घेण्यात आणि दुसऱ्याची तो टाकण्यात! नाद तोच असला तरी दोन कानांवर तो वेगळा पडणार. यात तात्यांचा कान कमी प्रतीचा ठरत नाही. उलट त्या खोलीत सर्वांत जास्त इतिहास त्यांच्याच कानात होता.

अर्थात वाद्याचा अर्थ कायमचा ठरलेला नसतो. आंबेडकरी जलशांनी तमाशाचे रूप घेतले, पण गण-गौळण टाकून त्यात समाजजागृती भरली. अण्णा भाऊ साठे यांनी शाहिरीचा नाद कामगारांच्या सभेत नेला. वाद्य तेच होते, फक्त ते कोणासाठी वाजवायचे हे वाजवणारा ठरवू लागला. जॅझही आपल्याला अगदी परका नाही. तो १९३० नंतर मुंबईच्या बड्या हॉटेलांत आला. गोव्याच्या ख्रिस्ती वादकांनी तो उचलला, आणि चिक चॉकलेटसारख्या वादकांच्या हातून तो सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’पर्यंत, म्हणजे १९५१ साली थेट आपल्या वस्तीतील लाउडस्पीकरवर पोहोचला. १९७८ साली मुंबईच्या रंगभवनात पहिली ‘जॅझ यात्रा’ भरली. पण तोवर ती मैफल आपली नाही असे आपण ठरवून बसलो होतो.

पुढच्या महिन्यात आम्ही तीच ध्वनिमुद्रणे पुन्हा ऐकली. या वेळी मी तीन गोष्टी सुचवल्या. पहिल्यांदा फक्त ड्रम ऐका, दुसऱ्यांदा फक्त गिटार, तिसऱ्यांदा दोघांमधील शांतता. ‘आवडले’ किंवा ‘आवडले नाही’ हे शब्द शेवटी वापरा, आधी जे ऐकू आले तेवढेच सांगा. आणि स्वतःला विचारा : हे ऐकताना मला कशाची आठवण झाली? विद्यार्थी या वेळीही हसले, पण बेनिंक जेथे हसवतो तेथे हसले. शास्त्रीय संगीतवाले शिक्षक म्हणाले, “सम नाही, पण दोघे एकाच वेळी थांबले. हे कसे जमले?” त्यावर अर्धा तास वाद झाला.

तात्यांना मी निरोप धाडला नव्हता. तरी ते आले आणि दाराशीच बसले. मधेच त्यांनी विचारले, “ह्या ढोलवाल्याला हात करणारा कोण हाय?”

“कोणी नाही, तात्या. कधी सुरू करायचे आणि कधी थांबायचे, ते दोघेच ठरवतात.”

“आन बिदागी?”

“मिळते. थोडीच, पण ठरवून मिळते. उष्टे-शिळे नाही.”

तात्या काही वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, “मग ही हलगी नव्हं.” त्यांना ते वादन आवडले की नाही, हे मी विचारले नाही. या खेपेला ते शेवटपर्यंत बसले होते.