जमणाऱ्या गोष्टीपासून सुरुवात

मुलाचा आत्मविश्वास म्हणजे ‘मी फार चांगला आहे’ अशी नुसती भावना नव्हे. समोर आलेले काम आपल्याला जमेल, आणि पहिल्यांदा नाही जमले तर पुन्हा करून पाहता येईल, असा अनुभवातून आलेला भरवसा म्हणजे आत्मविश्वास. भावनिक खंबीरपणा याच भरवशावर उभा असतो. खंबीर मूलही रडते, घाबरते, चिडते. फक्त ते सावरते. हा भरवसा कुठून येतो, याचे एक बोलके उत्तर पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावर मिळाले.

हवाई द्वीपसमूहातल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या मानसशास्त्रज्ञांनी चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. त्यांतल्या अनेकांचे आईवडील ऊस-अननसाच्या मळ्यांवर राबणारे होते. साधारण एकतृतीयांश मुलांच्या वाट्याला गरिबी, जन्माच्या वेळची गुंतागुंत, घरातली भांडणे, पालकांचे व्यसन किंवा मानसिक आजार यांपैकी अनेक गोष्टी एकदमच आल्या. यांतल्या दर तिघांपैकी दोघांना पुढे शिकण्याच्या, वागण्याच्या किंवा मानसिक स्वास्थ्याच्या गंभीर अडचणी आल्या. तिसरा मात्र धड वाढला. अशी ७२ मुले कर्तबगार, माया लावणारी माणसे झाली.

ही ७२ मुले फार हुशार होती असे नाही. मात्र जे काही येत होते ते त्यांनी पुरेपूर वापरले. बहुतेकांजवळ एखादा छंद किंवा कसब होते, आणि घरात कितीही गोंधळ असला तरी तिथे त्यांना अभिमानाने उभे राहता येत होते. आजी, मोठी बहीण, शेजारीण किंवा एखादे शिक्षक असे निदान एक तरी खात्रीचे माणूस त्यांच्या पाठीशी होते. शिवाय धाकट्या भावंडांना सांभाळणे, घराला हातभार म्हणून छोटे काम करणे अशा जबाबदाऱ्या त्यांच्यावर होत्या. आपल्यावाचून कोणाचे तरी अडते, हे त्यांना माहीत होते. यात थोडा भाग नशिबाचाही होता. ही मुले तान्हेपणापासून हसरी, पटकन लळा लावणारी होती, आणि असा स्वभाव कोणी शिकवू शकत नाही. पण छंद, माणूस आणि जबाबदारी या तीन गोष्टी मोठ्यांच्या हातात असतात.

जमणाऱ्या गोष्टीला एवढे महत्त्व का, याची मीमांसा अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ साली मांडली. स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास चार वाटांनी येतो: स्वतः करून दाखवल्याने, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना पाहिल्याने, कोणी धीर दिल्याने आणि शरीर-मनाच्या त्या वेळच्या स्थितीमुळे. यांत पहिली वाट सर्वांत भक्कम. मुलाला ‘तुला येईल’ असे दहादा सांगण्यापेक्षा एकदा खरोखर आलेले जास्त टिकते. त्यातही काम अगदी सोपे असेल तर फारसा उपयोग नाही. थोडी अडचण आली आणि तिच्यातून वाट काढली, तरच पुढच्या अपयशाला तोंड देता येते.

घरोघरी मात्र भर असतो धीर देण्यावर, म्हणजे कौतुकावर. कौतुक वाईट नाही, पण ते कशाचे होते याने फरक पडतो. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीच्या मुलांना कोडी सोडवायला दिली. काहींना ‘तू हुशार आहेस’ असे म्हटले, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ असे. त्यानंतर मुद्दाम अवघड कोडी दिली. मग पुन्हा पहिल्याइतकीच सोपी कोडी आली तेव्हा हुशार म्हणवलेली मुले घसरली आणि मेहनतीची शाबासकी मिळालेली सुधारली. आपले गुण इतरांना लिहून कळवताना हुशार म्हणवलेल्यांपैकी जवळजवळ ४० टक्क्यांनी ते वाढवून सांगितले. शिक्का एकदा बसला की तो राखण्यातच मुलाची शक्ती जाते.

अवाजवी स्तुती तर बुजऱ्या मुलांनाच जास्त नडते. नेदरलँड्समधल्या एडी ब्रुमेलमन यांच्या गटाने मुलांना व्हॅन गॉगचे गुलाबांचे चित्र पाहून काढायला लावले. मुळात स्वतःबद्दल फारसे बरे मत नसलेल्या मुलांना ‘कमालीचे सुंदर!’ अशी दाद मिळाली, तेव्हा त्यांनी पुढचे चित्र सोपे निवडले. एवढी उंच अपेक्षा पुन्हा कशी पुरी करायची, ही धास्ती. आणि मोठी माणसे अशी फुगवलेली दाद नेमकी अशाच मुलांना जास्त देतात, असेही या गटाला दिसले.

मुलाचे बलस्थान ओळखायला चाचणीची गरज नसते. कोणी न सांगता मूल कशाकडे वळते, चुकल्यावर कुठे चिडून सोडून देत नाही, मित्र त्याच्याकडे कशासाठी येतात, हे आठवडाभर पाहिले तरी पुरते. बलस्थान म्हणजे केवळ गाणे किंवा क्रिकेट नव्हे. क्रिस्टोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिगमन यांनी २००४ साली मांडलेल्या २४ गुणांच्या यादीत दयाळूपणा, विनोदबुद्धी, कुतूहल, चिकाटी हेही आहेत, आणि प्रगतिपुस्तकात यांना रकाना नसतो.

मुलाजवळ जे आहे त्यापासून सुरुवात करण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्यातल्या (आता पालघर) कोसबाडला आदिवासी मुलांसाठी मॉंटेसरीची महागडी साधने बाजूला ठेवून खडे, पाने, बिया वापरल्या. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. मुलाला काय येत नाही, याऐवजी ते रोज काय हाताळते, हे तिथे आधी पाहिले गेले.

याच्या उलट रीत दहावीच्या वर्षी दिसते. तबला बंद, मैदान बंद, घरातल्या कामातून सुटका: ‘तू फक्त अभ्यास कर.’ वर्ष ताणाचे, आणि त्याच वर्षी मुलाची हक्काची जागा काढून घेतली जाते. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा दिल्या जातात, पण पुष्कळदा वाढीव गुणांसाठी; म्हणजे मन हलके करणारी एकुलती गोष्टही हिशेबात गेली. आठवड्यातून दोन तास छंदाला आणि रोज एक छोटे खरे काम, एवढे ठेवले तर अभ्यास बुडत नाही. काम मात्र खरे हवे. आजोबांच्या गोळ्या वेळेवर देणे हे खरे काम. करमणुकीसाठी दिलेले लुटुपुटीचे काम मुले लगेच ओळखतात.

बलस्थानांवर भर म्हणजे अडचणींकडे डोळेझाक नव्हे. अक्षरे वाचताना सतत अडखळणाऱ्या मुलाला चित्रकलेच्या शाबासकीबरोबर वाचनासाठी खास मदतही लागतेच. झोप, भूक, मित्र यांत आठवड्यानुआठवडे बदल दिसला, तर छंदाच्या भरवशावर न राहता समुपदेशक किंवा डॉक्टर गाठावा. शाळेतली छळवणूक, घरातली मारहाण ही मुलाच्या खंबीरपणाने सुटणारी प्रकरणे नव्हेत. ती मोठ्यांनीच थांबवायची असतात.

काउआईच्या अभ्यासातला कमी चर्चिला गेलेला भाग पुढच्या वर्षांचा आहे. किशोरवयात वाट चुकलेल्यांपैकी बहुतेक जण तिशी-चाळिशीपर्यंत सावरले होते. कोणी कम्युनिटी कॉलेजात शिकले, कोणी सैन्यात दाखल झाले, कोणाला समजूतदार जोडीदार मिळाला, तर कोणाला एखाद्या धर्मसमूहात आधार सापडला.